क्ष आणि क्षचे वडील

परवा मेथांब्यासाठी कैऱ्या चिरत होते, तेवढ्यात ओट्यावरचा फोन थरथरला. हात चिकट, म्हणून करंगळीनं उघडला. ‘उन्हाळी परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासण्यासाठी सोमवारी सकाळी केंद्रावर हजर राहावे.’ बस, एवढंच. पण वाचलं आणि डोक्यात तिडीक गेली. कैरीच्या फोडी इतक्या जाड पडायला लागल्या की आमचे हे आत डोकावून म्हणाले, “कुणाचा राग काढतेयस त्या कैरीवर?”

दर वर्षी हा निरोप याच दिवसांत येतो. द्राक्षांचे शेवटचे क्रेट बाजारातून हटलेले असतात आणि कॉलेज रोडच्या कोपऱ्यांवर कलिंगडांचे ढीग येऊन बसलेले असतात. दुपारी गोदावरीच्या पुलावर वारासुद्धा तापलेला लागतो. संध्याकाळी मात्र अशी काही झुळूक सुटते की आम्ही नाशिककर लगेच पाहुण्यांना ऐकवतो, “बघा, आमच्याकडे अजून पहाटे चादर लागते!” मीही ऐकवते. नाशिक रोडच्या माझ्या घरातून गुलमोहर दिसतो, तो या दिवसांत नुसता पेटलेला असतो. हे सगळं मला आवडायचं. आता गुलमोहर लाल झाला की मला लाल पेन आठवतं, लाल पेनावरून हिरवं पेन आठवतं, आणि हिरव्या पेनावरून रेणुका.

मी इंजिनिअरिंगच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवते. माझा सगळ्यात लाडका धडा म्हणजे एकीकरण. नाव ऐकून घाबरू नका, लहानपणी आपण गाळलेल्या जागा भरायचो ना, तसाच प्रकार आहे. समजा दोन वाक्यं आहेत. ‘रमाला अमुक आवडते’ आणि ‘तमुकला मिसळ आवडते’. अमुक आणि तमुक या रिकाम्या जागा. त्या अशा भरायच्या की दोन्ही वाक्यं हुबेहूब एक झाली पाहिजेत. अमुकच्या जागी मिसळ, तमुकच्या जागी रमा. झालं! अट एकच, एका जागेत जे भरलं ते त्या नावाच्या प्रत्येक जागेत भरायचं. इथे मिसळ आणि तिथे पोहे, असली चलाखी चालत नाही. यंत्राला तर्क करायला शिकवायचं, तर बरंचसं काम या साध्या जुळवणीवर उभं असतं.

मला हा धडा आवडतो कारण त्यात दोन्ही बाजू थोडं थोडं देतात. ह्यानं आपली एक जागा भरून घ्यायची, त्यानं आपली एक. याच धड्यात पुढे एकतर्फी जुळवणी येते. तिथे रिकाम्या जागा एकाच बाजूला असतात. दुसरी बाजू म्हणते, मी आहे ही अशी आहे, तुला जमवून घ्यायचं तर घे. तीही उपयोगाची असते, नाही असं नाही. पण वर्गात ती शिकवताना मुली एकमेकींकडे बघून गालात हसतात, आणि मी का हसलात म्हणून विचारत नाही.

या सगळ्यात एक खबरदारी घ्यायची असते. जी जागा भरायची आहे, तीच जागा भरायच्या वस्तूच्या पोटात लपलेली नाही ना, हे आधी बघायचं. ‘क्ष’ आणि ‘क्षचे वडील’ हे दोन जुळवून दाखवा, असं मी फळ्यावर लिहिते. भरा बघू क्षच्या जागी ‘क्षचे वडील’. भरलं की दुसऱ्या बाजूचे होतात क्षचे आजोबा. परत भरलं की पणजोबा. आयुष्यभर भरत बसा, दोन्ही बाजू कधी एक व्हायच्या नाहीत. म्हणून उत्तर काय, तर जुळत नाही. माणूस स्वतःचाच बाप नसतो! इथे शेवटच्या बाकावरची मंडळीसुद्धा खो खो हसतात. आणि एकदा हसलं की मुलं ती गोष्ट विसरत नाहीत, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

रेणुका मात्र हसली नव्हती. सटाण्याकडची मुलगी, इथे होस्टेलला राहायची, पहिल्या बाकावर बसून कपाळाला आठ्या घालून ऐकायची. तिनं हात वर केला. “मॅडम, मी लॅबमध्ये करून बघितलं. मशीन तर म्हणतं जुळतं.”

अशी मुलगी वर्गात असली की शिकवायला दहा हत्तींचं बळ येतं. मी म्हटलं, “शाबास. म्हणतंच ते. कारण ती तपासणी त्यात गाळलेली आहे. दर वेळी आत डोकावून बघायचं म्हणजे वेळ जातो. आणि असा प्रसंग क्वचित येतो, म्हणून कॉम्प्युटरची ही भाषा बनवणाऱ्यांनी ती सोडून दिली. पण त्यांनी चोरून काही केलं नाही. तपासणीसकट जुळवायची वेगळी आज्ञा ठेवलीय, आणि तसं स्पष्ट लिहूनही ठेवलंय. वापरणारा शुद्धीवर असेल, एवढंच त्यांनी गृहीत धरलं.”

“मग परीक्षेत?” तिनं विचारलं.

“परीक्षेत जे खरं तेच लिहायचं. मशीनला कुठे द्यायचीय परीक्षा?” यावर ती पहिल्यांदा हसली.

ती शेवटच्या वर्षाला असतानाचा उन्हाळा मला अजून अंगावर येतो. केंद्र म्हणजे एका कॉलेजातला लांबलचक हॉल. सकाळी सगळे प्राध्यापक आधी पंख्याखालची जागा पकडतात, मग एकमेकांना नमस्कार करतात. सुतळीनं बांधलेले गठ्ठे, घामानं चिकटणारी पानं, कुठल्याशा डब्यातून येणारा लसणाच्या चटणीचा वास. उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर कोपऱ्यात चोरून लिहिलेलं ‘श्री’, शेवटच्या पानावर ‘सर प्लीज पास करा, घरी प्रॉब्लेम आहे’. सरच असतात कायम, मॅडम कुणाच्या स्वप्नात येत नाहीत. मुलं हे सगळं इंग्रजीत लिहितात, चुकीच्या इंग्रजीत, पण त्यातून पोरांचा चेहरा दिसतो आणि मला तो बघायला आवडतो.

त्या वर्षी पेपरात माझा लाडका प्रश्न आला होता. ‘क्ष आणि क्षचे वडील यांचे एकीकरण होते का? कारण द्या.’ मी खुशीत आले. शेजारच्या कागदावर नमुना उत्तरं छापलेली होती, त्यांच्याशी ताडून मार्क द्यायचे असतात. तिथे लिहिलं होतं, ‘होते’.

मी चष्मा पुसून परत वाचलं. होते!

नमुना उत्तरं लिहिणारे मॉडरेटर सर कोपऱ्यातल्या टेबलावर बसले होते. आमच्या तपासणीवर देखरेख त्यांचीच. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. घरून आणलेली शंकरपाळी सगळ्या टेबलांवर फिरवायचे. मी गेले तसा त्यांनी माझ्यापुढेही डबा धरला.

“सर, हे उत्तर उलटं छापलंय का?”

“कुठलं? हे? नाही हो मॅडम, मी स्वतः मशीनवर चालवून बघितलंय.” त्यांनी लॅपटॉप उघडला, टाइप केलं, आणि मशीननं इमानेइतबारे होकार दिला. “बघा.”

“ते तपासतच नाही म्हणून हो म्हणतं. आता मी सांगते ती आज्ञा टाका.” मी उभ्या उभ्याच टाइप केलं. मशीन म्हणालं, नाही.

सर स्क्रीनकडे बघत राहिले. मग हसले. “म्हणजे मॅडम, दोन्ही उत्तरं बरोबर म्हणायची.”

“दोन्ही नाहीत. पण तुमच्या समाधानासाठी तसं धरू. मग ‘होत नाही’ लिहिणाऱ्यांनाही मार्क द्या!”

“अहो, निम्मे गठ्ठे तपासून झालेत. परत सोडायचे म्हणजे सगळ्यांची सुट्टी गेली. आणि ‘होत नाही’ लिहिणारे असतात किती? एखाद-दुसरा. एवढ्यासाठी कुठे वेळ घालवता? शंकरपाळी घ्या.”

तपासायला वेळ लागतो आणि प्रसंग क्वचित येतो. यंत्रानं तपासणी गाळली तीही याच दोन कारणांसाठी, आणि आपण काय बोलतोय याचा त्या गृहस्थांना पत्ताही नव्हता! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. यंत्राला निदान माहीत नसतं की गाळलेल्या तपासणीत कुणाचं वर्ष अडकलंय. मी शंकरपाळी घेतली नाही. माझ्या गठ्ठ्यांत ‘होत नाही’ लिहिणाऱ्यांना लाल पेनानं पूर्ण मार्क दिले. संध्याकाळी सरांनी शांतपणे हिरव्या पेनानं ते खोडून शून्य केले, कारण हिरव्या पेनाचा अधिकार लालपेक्षा मोठा असतो. हॉलमधल्या बाकीच्यांनी माना खाली घातल्या आणि पाट्या टाकणं चालू ठेवलं. एक जण पार्किंगमध्ये भेटून हळूच म्हणाला, “बरोबर होतं हो तुमचं.” पार्किंगमध्ये येऊन खरं बोलणाऱ्यांची मला भारी चीड आहे.

निकाल लागला आणि रेणुका एका विषयात थोडक्यात गेली. तो विषय माझा होता. पुण्याच्या एका कंपनीनं तिला घेतलेलं होतं, निकाल दाखवा आणि रुजू व्हा, असं सांगून. ती नोकरी तिथेच बारगळली. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून ती माझ्याकडे आली, सोबत वडील. ते सटाण्याला पंपांच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करतात. उंच माणूस, धुतलेला पांढरा शर्ट. खुर्ची दिली तर टोकावर बसले.

छायाप्रत काळी-पांढरी होती, तरी कळत होतं. आधी दिलेला पूर्ण आकडा, त्यावर आडवी रेघ, शेजारी शून्य. अक्षर माझं नव्हतं. म्हणजे त्या हॉलमध्ये आणखी कुणीतरी माझ्यासारखं चिडलं होतं आणि गप्प बसलं होतं. रेणुकाचं उत्तर मात्र असं नेटकं होतं की पुस्तकात छापावं. आजोबा, पणजोबा, सगळे तिनं एकाखाली एक मांडले होते.

“मॅडम, येक इचारू का?” तिचे वडील म्हणाले. “राग नका धरू. पोरगी म्हणते, तुम्हीच आसं शिकवलं. मंग तुमचं चुकलं का पोरीचं?”

“कुणाचंच नाही. उत्तर बरोबर आहे.”

“बरोबर हाय, मंग शून्य कसं काय?”

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. अमुक-तमुक, रमा, मिसळ, क्ष. ते मन लावून ऐकत होते. शेवटी त्यांनी हिशेब लावला. “म्हंजी पोरीनं काय लिवायला पायजे व्हतं? का ती सोताच सोताची बाप हाय?”

“हो. तसं लिहिलं असतं तर मार्क होते.”

“आन मंग मी कोण?”

मला हसू आलं, आणि पाठोपाठ असा राग आला की टेबलावरचा पाण्याचा ग्लास मी उगाचच इकडचा तिकडे ठेवला. रेणुकाचे डोळे भरून आले होते. त्यांनी तिच्याकडे वळून अहिराणीत विचारलं, “तुनं बरोबर शे ना? मंग रडस कसाले?” ती म्हणाली, “बरोबर शे म्हणीसनच रडस, दादा.” बरोबर आहे म्हणूनच रडते.

फेरतपासणीचा अर्ज केला. मी स्वतः परीक्षा मंडळाला सविस्तर पत्र लिहिलं, पुस्तकातली पानं जोडली. पत्राला उत्तर आलं नाही, फेरतपासणीला आलं, ‘बदल नाही’. चौकशी केली तेव्हा कळलं, फेरतपासणी करणाऱ्याच्या हातातही तोच नमुना कागद देतात. आता बघा गंमत! नमुना उत्तर बरोबर आहे का, हे कशावरून ठरवलं? नमुना उत्तरावरून. बरोबर ठरलं? ठरणारच. क्ष म्हणजे क्षचे वडील, नाही तर दुसरं काय? मी जन्मभर ज्या चुकीपासून पोरांना सावध करत आले, तिचा हा जिताजागता नमुना शिक्का मारून माझ्या हातात दिला होता. कपाळावर हात मारायचा तरी किती वेळा?

नमुना उत्तर कसं असावं, याबद्दल माझं एक म्हणणं आहे. त्यात थोड्या रिकाम्या जागा हव्यात. पोरं आपापल्या परीनं बरोबर लिहितात, ते बसायला जागा नको का? आमच्या त्या कागदावर एकही रिकामी जागा नव्हती. भिंतीवर डोकं आपटलं तर भिंत निदान ‘बदल नाही’ असं लेखी कळवत नाही.

थंडीत पुन्हा परीक्षा झाली. माझ्या घराच्या खिडकीतून तेव्हा गुलमोहराच्या नुसत्या वाळक्या शेंगा दिसत होत्या. पेपर संपल्यावर मी मुद्दाम हातात घेऊन बघितला. तोच प्रश्न, स्वल्पविरामासकट. आमच्याकडे प्रश्न असे फिरून फिरून येतात. रेणुकाचा काही दिवस फोन नाही, निरोप नाही.

निकालानंतर दोघं बापलेक आले, हातात पेढ्यांचा पुडा. ती पास झाली होती. वडील खुशीत होते, आता खुर्चीवर नीट टेकून बसले होते. रेणुका दाराजवळच उभी राहिली. पहिल्या बाकावरून आठ्या घालून बघणारी मुलगी माझ्या नजरेला नजर देईना.

“तो प्रश्न?” मी विचारलं.

“लिहिलं मी, मॅडम,” ती जमिनीकडे बघत म्हणाली. “होते म्हणून लिहिलं. कारणही दिलं. कारण नसतंच ना त्याला, मग बनवून दिलं.”

तिचे वडील हसत हसत म्हणाले, “लिवून टाकलं तिनं. बाप नाय म्हणून!” आणि पुडा माझ्यापुढे केला.

तो पेढा मी खाल्ला. तिचं काय चुकलं होतं, की तोंड फिरवायचं? तिला वर्ष वाचवायचं होतं, ते तिनं वाचवलं. राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. चार वर्षं खपून तिला विचार करायला शिकवलं. आणि एका छापील कागदानं तिला शिकवलं, की खरं माहीत असताना खोट्याला कारण कसं बनवून द्यायचं. याला हे लोक परीक्षा म्हणतात! रेणुका आता अंबडच्या एका लहानशा कंपनीत आहे. दिवाळीला मेसेज येतो. क्षचं नाव आम्ही दोघीही काढत नाही.

तर सोमवारी गेले केंद्रावर. मेथांबा मुरायला ठेवला होता, त्यातला थोडा डब्यात घेतला. तोच हॉल, तेच पंखे, कोपऱ्यात तेच सर, केस जरा जास्त पांढरे झालेले. गठ्ठ्याची सुतळी सोडली. प्रश्नही तोच. आता मुलांच्या नोट्समध्येसुद्धा ‘होते’ असंच छापून आलंय, तेव्हा उत्तरपत्रिका भराभर संपायला लागल्या. होते. होते. होते. कारणं तर अशी ठोकून दिलेली की वाचून थक्क व्हावं. सगळ्यांना पूर्ण मार्क. हॉलमध्ये कुणाचीच काही तक्रार नव्हती, मोठा आनंदीआनंद होता.

मग एक उत्तरपत्रिका आली. तिच्यात आधी ‘होत नाही’ लिहिलेलं होतं. खाली आजोबा, पणजोबा, सगळी मांडणी नेटकी. त्या सगळ्यावर दोन तिरप्या रेघा मारलेल्या, पट्टी धरून, व्यवस्थित. आणि त्याखाली नव्यानं लिहिलं होतं, ‘होते’.

खोडलेलं तपासायचं नाही, असा नियम आहे. मी ते अक्षर न् अक्षर वाचलं. मग ती उत्तरपत्रिका घेऊन उठले आणि कोपऱ्यातल्या टेबलापाशी गेले. सरांनी ती चाळली, नमुना कागदावर बोट ठेवलं, आणि माझ्याकडे खरोखरच न कळून बघितलं.

“मॅडम, ह्याला पूर्ण मार्क मिळतायत की. मग तक्रार काय आहे?”

“हीच,” मी म्हणाले, आणि त्यांच्या समोरची खुर्ची ओढून बसले.